पासंग

शाळा सातवीपर्यंत, निपाणीत.
त्यामुळे हे लिहितोय ते पावतीबुकाच्या पाठीवर
आणि फार खोडून.
धंदा काटे दुरुस्तीचा. तंबाखू बाजारामागच्या बोळात
एक बाकडं, एक ऐरण, शिशाच्या तुकड्यांचा डबा.

आम्ही म्हणतो तागडी.
वजनमापाचे हुक्केरीसाहेब म्हणतात तक्कडी.
एवढ्याशा फरकावर मोर्चे निघाले,
मीही गेलोय. एकदा डोकं फुटलं,
टाके घालणारा डॉक्टर ओरडत होता, सुम्मनिरी, सुम्मनिरी,
आणि मी गप्प बसलो, म्हणजे कळत होतं.
पण इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं
भाषेसाठी काटा आणला नाही.
म्हणतात, खोटा दाखवतोय, बघा जरा.
किंवा इकडं-तिकडं बघून :
थोडा खोटा करून द्या.

दिलाय. तेही लिहून ठेवतो.

रिकाम्या काट्याची पारडी सारखी येत नाहीत
तेव्हा हलक्या बाजूला शिसं बांधतात, त्याला पासंग म्हणतात.
तो माल नव्हे, माप नव्हे,
त्याचा भाव कुणी विचारत नाही.
आमचा हा सगळा टापू मला तसाच वाटतो.
बेंगळुरात दांडी कलली की आमची आठवण,
मुंबईत कलली की आमची आठवण,
काटा सरळ झाला की डबा बंद.
हे मी एकदा चहाच्या गाड्यावर बोललो.
दोन्ही बाजूंचे लोक चिडले,
तेव्हा वाटलं, बरोबर असावं.

आणि वजन. ते तरी कुठं फक्त किलोत असतं?
कचेरीत कागद उडू नये म्हणून वजन ठेवतात,
आणि हलावा म्हणूनही ठेवतात.
माझ्या हातून गावातलं प्रत्येक वजन गेलंय,
हे एक सोडून.

विडीचा गुत्तेदार भरमाण्णा कधी दुकानात आला नाही.
मी समजायचो, देवमाणूस.
गंगव्वानं सांगितलं, तो तोलतच नाही.
हजार विड्या वळून न्याव्यात,
त्यानं सुपात बोटं फिरवावीत,
ही ढिली, ही वाकडी, ही उगीच,
शंभरेक बाजूला. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही.
संध्याकाळी त्यातलीच एक ओढत तो कट्ट्यावर बसतो.
मी म्हटलं, भांडत का नाही तुम्ही?
ती म्हणाली, भांडायला काटा लागतो, दादा.
बोटांशी कसं भांडायचं?

त्या रात्री झोप नाही.
जन्मभर मी खोट्या काट्यांना पाप समजत आलो.
पण खोटा काटा ठेवणारा निदान कुणाला तरी भितो,
म्हणून तर खोटं लपवतो.
ज्याला काटाच लागत नाही
त्याच्या हाताला काय म्हणायचं?
(इथं तीन शब्द लिहिले आणि खोडले.)

आठवड्यानं तीच आली. पदरात एक विडी, नीट वळलेली,
भरमाण्णानं स्वतः चांगली म्हटलेली.
म्हणाली, हिच्या मापाचं एक कडं कर.
पितळेचं केलं. कानस मारून, केसभर सैल ना घट्ट.
पैसे घेतले नाहीत, ती रागावली, मग घेतले.
दुसऱ्या दिवशी तो हसला म्हणे.
मग शांताबाई कुरणे आली, मग मुमताज, मग अक्कोळहून दोघी.
दिवाळीपर्यंत एकोणीस कडी.
सुपाशी बसून बाया एकेक छाट कड्यातून घालून दाखवायला लागल्या,
न बोलता.

काल दुपारी उन्हात सावली पडली बाकड्यावर.
भरमाण्णा. पहिल्यांदाच.
खिशातून कडं काढलं, कुणाचं कोण जाणे,
इकडं-तिकडं बघितलं,
आणि हळू म्हणाला,
असंच एक, पण थोडं खोटं करून दे.

मी म्हटलं, बसा.
चहा सांगितला.
कानस होती, पितळ होतं,
घाई कसलीच नव्हती.